पावसाळी पंगत

जुलै महिना. तुम्ही रत्नागिरीत रत्नदुर्गाच्या बुरुजावर उभे आहात आणि तुमची छत्री कधीच उलटी झाली आहे. खाली मिरकरवाड्यात होड्या शाकारून ठेवल्या आहेत. 1 जूनपासून मासेमारी बंद. हे दिवस समुद्राकडे पाठ करून लावणी उरकण्याचे. तुम्ही मात्र आज वाऱ्याच्या तोंडावर चालत निघा, पार ओमानच्या किनाऱ्यापर्यंत.

कोकणाला झोडपणारा नैर्ऋत्य वारा तिथे किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि रिकाम्या झालेल्या जागी खोलातलं पाणी वर येतं. हात घालून बघा. मे महिन्यात 30 अंशांच्या आसपास असलेलं पाणी आता 20 अंशांपर्यंत उतरलं आहे, रंगही हिरवट झाला आहे. तळाशी साठलेली खतं उजेडात आली, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजल्या, त्यांच्यावर कोळंबीसारखे इवले जीव, आणि त्या सगळ्यांवर तारलीचे थवे. पंगत मांडली गेली आहे.

तेवढ्यात तारल्या पाण्याबाहेर उसळायला लागतात. त्यांच्याखालून एक जबडा वर येतो. गळ्यावरच्या लांबच लांब चुण्या उलगडतात आणि हंपबॅक देवमासा माशांसकट कित्येक टन पाणी तोंडात घेतो. जबडा मिटतो. मग जीभ पाणी बाहेर ढकलते आणि वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या झालरीत मासे अडकून राहतात. त्याच्या उच्छ्वासाला सडक्या मासळीचा वास येतो. नाक दाबायचं असेल तर आत्ताच दाबा.

जगातल्या इतर हंपबॅकना जेवणासाठी ध्रुवांकडे जावं लागतं. उन्हाळ्यात अंटार्क्टिका किंवा अलास्काच्या थंड पाण्यात पोटभर खायचं, चरबी साठवायची आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात येऊन जवळजवळ उपाशीपोटी पिल्लं जन्माला घालायची. पिल्लू आईच्या सोबतीनं ती वाट एकदा पोहतं, आणि मोठेपणी तेच चराऊ पाणी पुन्हा गाठतं. अरबी समुद्रातल्या हंपबॅकना हा खटाटोप करावा लागत नाही. ध्रुवावरच्या उन्हाळ्याचं काम इथे मोसमी वारा करतो.

कधीपासून? आता 70 हजार वर्षं मागे या. रत्नागिरीचा किनारा जागेवर नाही. समुद्र आटून पश्चिमेला दूर गेला आहे. जनुकांचा पुरावा सांगतो की साधारण याच सुमारास हे देवमासे दक्षिणेकडच्या भाऊबंदांपासून वेगळे झाले. ते इथेच राहिले आणि आजवर फारसे कुणात मिसळले नाहीत.

इसवी सन पूर्व 325. मकरानच्या किनाऱ्यालगत सिकंदराचा सेनापती निआर्कस आरमार घेऊन चालला आहे. समोर पाण्याचे फवारे उडताना बघून वल्हेकऱ्यांच्या हातून वल्ही गळतात. निआर्कस कर्णे वाजवायला आणि आरोळ्या ठोकायला सांगतो. देवमासे बुडी मारून आरमाराच्या पलीकडे निघतात आणि सगळे टाळ्या पिटतात. त्यांना वाटतं, आपण जिंकलो.

नोव्हेंबर 1966 मध्ये मात्र जरा थांबा, कारण इथे जिंकणारे खरोखरच जिंकतात. काळ्या समुद्रातून सुएझमार्गे अंटार्क्टिकाकडे निघालेले ‘स्लावा’ आणि ‘सोवेत्स्काया युक्राइना’ हे सोव्हिएत शिकारी ताफे वाटेत अरबी समुद्रात घुटमळतात. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या पाण्यात ते दोनशेहून जास्त हंपबॅक मारतात. सरकारी आकड्यांत यातलं काहीच नाही. युरी मिखालेव या शास्त्रज्ञाच्या नोंदी 1997 मध्ये छापून आल्या तेव्हा जगाला हे कळलं. डेकवर पाय जपून ठेवा, रक्ताने फळ्या निसरड्या झाल्या आहेत. फाडलेल्या पोटांत मासे सापडतात. दक्षिणेकडचे देवमासे या महिन्यात रिकाम्या पोटी अंटार्क्टिकाची वाट धरतात. हे जेवलेले आहेत. माद्यांच्या पोटातल्या गर्भांची मापं घेतली तर तीही उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राशी जुळतात. हे देवमासे इथलेच आहेत याचा भक्कम पुरावा त्यांना मारूनच हाती यावा, हे मला आजही पचत नाही. आज ओमानच्या समुद्रात शंभरही हंपबॅक उरले नसावेत.

2017 च्या नोव्हेंबरात ओमानजवळ मसीराच्या आखातात एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं जातं. तिच्या शेपटीवर लोबानाच्या झाडासारखी नक्षी आहे, म्हणून तिचं नाव लुबान. पावसाळा कधीच सरला आहे. ती सरळ अरबी समुद्र ओलांडते, गोव्यासमोर येते, तिथून दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत जाते आणि पुन्हा ओमानला परतते. दोन्ही किनारे एकाच देवमाशाचे आहेत, हे उपग्रहानं टिपलेल्या ठिपक्यांच्या रेषेमुळे पहिल्यांदा नकाशावर दिसलं.

आपल्या वर्तमानपत्रांत देवमासा एरवी दोनच रूपांत भेटतो. एक तर त्याच्या ‘उलटी’ची तस्करी करताना कुणीतरी पकडलं जातं (ती उलटी स्पर्म व्हेल नावाच्या वेगळ्याच जातीची), नाहीतर तो किनाऱ्याला लागलेला असतो. 2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला या. वाळूत देवमाशाचं पिल्लू रुतलं आहे. लोक बादल्यांनी पाणी ओततात, ओल्या कापडांनी त्याची कातडी झाकतात, भरतीची वाट बघतात. खटपटीनं त्याला खोल समुद्रात नेऊन सोडलं, तरी ते वाचलं नाही. ज्या आईनं दूध पाजायचं आणि वाट दाखवायची, ती कुठेच दिसली नव्हती.

आता ऑगस्टमध्ये या, बंदी उठल्यावर. मिरकरवाड्यातून निघालेल्या बोटीवर बसा. बांगड्याच्या आशेनं जाळं टाकलं आहे आणि ते नको तितकं जड लागतंय. आत जे काही धडपडतंय ते बांगडा नक्कीच नाही. तांडेल सुरी मागवतो. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर राज्य सरकार जास्तीत जास्त 25 हजार रुपये भरपाई देतं. पुरावा म्हणून फोटो लागतो. तांडेल तुमच्याकडे वळून म्हणतो, ‘‘बघत काय बसलात? मोबाइल काढा आधी.’’