‘वाँट’ म्हणजे ‘हवंय’ की ‘नाहीये’?

जुने इंग्रजी दस्तऐवज वाचताना अवघड शब्द सहसा दगा देत नाहीत, कारण तिथे आपण डिक्शनरी उघडतोच. दगा देतात ते शाळेत पाठ झालेले शब्द. त्यातलाच एक म्हणजे ‘वाँट’.

हे क्रियापद साधारण १२०० च्या सुमारास जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलं. मूळ अर्थ ‘उणीव असणे’. म्हणजे ‘आय वाँट ब्रेड’चा जुना अर्थ ‘माझ्याकडे भाकरी नाही’. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच ते याच अर्थाने येतं.

मग अर्थ बदलला कसा? जे नाही त्याची गरज भासते आणि गरज असते ते हवंसं वाटतं. उणीव, गरज, इच्छा अशा पायऱ्यांनी शब्द सरकत गेला. मधली पायरी ब्रिटिश बोलीत अजून ऐकू येते: ‘द कार वाँट्स वॉशिंग’, म्हणजे गाडी धुवायला झालीय. इच्छेचा अर्थ १८ व्या शतकात रुळू लागला. पण जुना अर्थ लगेच गेला नाही. रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये ‘फ्रीडम फ्रॉम वाँट’ म्हटलं, तेव्हा त्यांना इच्छांपासून नव्हे, तर ददातीपासून मुक्ती अभिप्रेत होती.

आता संशोधनाचा मुद्दा. समजा, मुंबई इलाख्यातल्या एखाद्या कलेक्टरने १९ व्या शतकात लिहिलंय, ‘द पीपल वाँट स्कूल्स’. ‘लोकांना शाळा हव्या आहेत’ असं वाचलं तर ती लोकांची मागणी ठरते. ‘लोकांकडे शाळा नाहीत’ असं वाचलं तर ते फक्त साहेबाचं निरीक्षण. दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात, त्यामुळे काही खटकतही नाही. आणि अधिकाऱ्याचं मत आपण नकळत रयतेच्या तोंडी घालतो!

त्या काळात दोन्ही अर्थ चालू होते, म्हणून नुसत्या तारखेवरून निकाल लागत नाही. आधी त्याच लेखकाने हा शब्द इतरत्र कसा वापरलाय ते बघा. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी प्रत्येक अर्थाची तारीखवार उदाहरणं देते, ती चाळा. आणि ‘मागणी’ म्हणायचं असेल तर लोकांचे अर्ज शोधा. अर्ज सापडले नाहीत, तर थीसिसमध्ये ‘मागणी’ हा शब्द लिहू नका.