साठ हजारांची पुडी

माझ्या दुकानात लोक झोपेची गोळी मागताना इकडेतिकडे बघतात, रक्तदाबाची मागताना आवाज खाली आणतात आणि ‘डी थ्री’ची पुडी मात्र उपवासाचा राजगिऱ्याचा लाडू मागावा तशी मागतात. “ताई, चार द्या.” कुणी लिहून दिली, कधीपासून घेताय, रोज की आठवड्याला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “अहो, व्हिटॅमिन तर आहे!” नाशिकच्या जुन्या गावठाणात आमचं मेडिकल वडिलांपासून आहे. फार्मसी शिकून मी काउंटरवर बसले तेव्हापासून हे वाक्य ऐकते आहे. हा निर्धास्तपणा आला कुठून, याचा माग काढायला म्हणून मी जुनी पुस्तकं आणि लेख वाचायला घेतले. त्यात एक पान निघालं आमच्याच नाशिकचं.

‘डी’ची गोष्ट सुरू होते मुडदूस या हाडांच्या रोगापासून; हा शब्द आता डॉक्टरांच्याही तोंडी कमी येतो. पाय वाकलेले, मनगटं जाड, कपाळ पुढे आलेलं, बरगड्यांवर गाठींची ओळ असं मूल माझ्या आजीनं पाहिलं होतं, मी चित्रातच पाहिलं. युरोपात या रोगावर १६४५ मध्ये डॅनियल व्हिसलरनं लायडनला प्रबंध लिहिला आणि १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसनचा ग्रंथ आला. पुढे गिरण्या आल्या, कोळशाचा धूर आला, बोळ अरुंद झाले आणि इंग्लंडच्या शहरांत मुडदूस घरोघरी पोचला. थिओबाल्ड पाम हा वैद्यकीय मिशनरी जपानमध्ये बरीच वर्षं राहून मायदेशी परतला, तर तिथल्या मुलांचे पाय पाहून चक्रावला, कारण जपानमध्ये त्याला हा आजार जवळजवळ दिसलाच नव्हता. त्यानं निरनिराळ्या देशांतल्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं लिहिली, त्यांत हिंदुस्थानातलेही होते. १८९० मध्ये त्यानं निष्कर्ष छापला: ऊन नाही म्हणून मुडदूस. तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. पोरं उपाशी आहेत, घाणीत राहतात, म्हणून हाडं वाकतात, ही समजूत जास्त सोयीची होती.

त्या समजुतीला नाशिकनं छेद दिला. हचिसन आणि शाह यांनी मुंबई इलाख्यातल्या नाशिक भागात पाहणी केली आणि १९२२ मध्ये ती इंग्लंडच्या ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. त्यांना दिसलं ते उलटंच होतं. खाऊनपिऊन सुखी घरांत, मुसलमान आणि वरच्या वर्गातल्या हिंदूंच्या ज्या घरांत पडदा पाळला जाई तिथं, मुलांची आणि तरण्या बायकांची हाडं मऊ पडत होती. आणि ज्यांच्या ताटात दुधातुपाचं नाव नव्हतं, ज्यांची पोरं दिवसभर आईबरोबर उघड्यावर असत, ती ताठ चालत होती. ताटातला फरक म्हणावा तर तो गरिबांच्या विरुद्ध जात होता. उरला फरक उघड्या हवेचा आणि उन्हाचा.

मला हे वाचून आमच्या गल्लीतले वाडे आठवले. दर्शनी भाग रुंद, मध्ये चौक, पण माजघरात भर दुपारी दिवा लागायचा. बाळंतिणीची खोली त्याहून आत, खिडकी असली तर गोणपाट लावलेली, शेगडी आणि धुरी. घरातला सगळ्यात जपलेला जीव सगळ्यात काळोख्या जागी. काश्मीरमध्ये कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनी त्याच दशकात हेच पाहिलं: पडद्यातल्या बायकांची कंबरेची हाडं मऊ होऊन आकसलेली, बाळंतपणं जिवावर बेतणारी, आणि दल सरोवरावर होड्या वल्हवणाऱ्या नावाड्यांच्या बायका सुखरूप बाळंत होत. १९२८ मध्ये त्यांनी पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तकच लिहिलं.

मग ‘डी’चा शोध म्हटलं की नाशिकचं नाव का येत नाही? कारण त्याच १९२२ मध्ये बाल्टिमोरला एल्मर मॅकॉलमनं कॉड माशाच्या यकृताचं तेल तापवून त्यातून हवा सोडली. त्यानं ‘ए’ जीवनसत्त्व मरून गेलं, तरी तेल मुडदूस बरा करतच राहिलं. म्हणजे त्यात आणखी काही होतं. अक्षरांच्या रांगेत पुढचं ‘डी’ त्याच्या वाट्याला आलं. नाशिकच्या पाहणीचं उत्तर होतं, बायकांना आणि पोरांना बाहेर येऊ द्या. त्यासाठी अख्खी समाजरीत हलवावी लागणार होती. बाल्टिमोरचं उत्तर बाटलीत मावत होतं.

तेल आणि ऊन यांचा मेळ लवकरच लागला. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीनं १९१९ मध्येच क्वार्ट्‌झच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात मुलांना बसवून बरं केलं होतं. पहिल्या महायुद्धानं उपासमार झालेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी बायकांनी दवाखान्यातल्या बाळांवर दाखवून दिलं की तेल द्या नाहीतर ऊन द्या, गुण सारखाच येतो. १९२४ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅरी स्टीनबॉकनं उंदरांच्या खाण्यावरच अतिनील प्रकाश टाकला आणि ते खाणंच औषध बनलं. या जीवनसत्त्वाशी जोडलेल्या रसायनांवरच्या कामासाठी गॉटिंगेनच्या अडॉल्फ विंडाउसला १९२८ मध्ये नोबेल मिळालं.

इथं मला थांबायचं आहे, कारण मात्रेची गोष्ट इथून सुरू होते. कॉड लिव्हर ऑइलच्या चहाच्या चमच्यात साधारण ४०० युनिट असत. पुढे रोजचा डोस म्हणून ४०० हा आकडा जगभर रूढ झाला तो याच चमच्यावरून. आणि दुसरा चमचा कुणी मागत नसे! तेलाचा वास हीच त्याची राखण होती. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर आपल्याकडे कॉडचं तेल येईना, तेव्हा मुंबई, मद्रास आणि त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. वडील त्याच्या बाटल्या विकत. मुशीच्या तेलात ‘ए’ भरपूर, ‘डी’ बेताचं, हे गिऱ्हाइकाला माहीत नसे. पण वासामुळे पोरं पळत, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

शुद्ध ‘डी’ हाती आल्यावर वासही गेला आणि राखणही. जर्मनीत १९२७ मध्ये व्हिगँटॉल बाजारात आलं; पुढच्याच वर्षी क्राइटमेयर आणि मोल यांनी प्राण्यांना ते मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं, तर प्राणी खंगून मेले, त्यांच्या रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत चुना साठला होता. इशारा इतक्या लवकर मिळाला होता. तरी १९३०च्या दशकात अमेरिकेत संधिवातावर रोज दोन-दोन लाख युनिट आणि त्याहूनही जास्त देण्याची लाट आली. १९४०च्या दशकात कातडीच्या क्षयावर रोज लाख-दीड लाख युनिटचा उपचार सुरू झाला. त्या रोगावर खरोखर गुणही येत होता, म्हणून तो टिकला आणि काही रुग्णांची मूत्रपिंडं घेऊन गेला.

इंग्लंडची हकिगत तर सरकारी चांगुलपणाची आहे. युद्धानंतर बाळांच्या सरकारी दुधाच्या भुकटीत ‘डी’, लापशीत ‘डी’, वर कॉड लिव्हर ऑइल मोफत. नीट पाळणाऱ्या आईच्या बाळाला दिवसाला चार हजारांपर्यंत युनिट जात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांकडे न वाढणारी, ओकणारी, मलूल बाळं येऊ लागली; रक्तात कॅल्शियम वाढलेलं. १९५७ मध्ये सरकारनं प्रमाण कमी केलं. पण शेजारची बाळं तेच दूध पिऊन धट्टीकट्टी कशी राहिली? त्याचं एक उत्तर थेट २०११ मध्ये मिळालं: काही जणांच्या जनुकात असा दोष असतो की ‘डी’ मोडून काढणारं विकरच चालत नाही. इतरांना पचणारी मात्रा त्यांना बाधते. पूर्व जर्मनीत तर दर तीन महिन्यांनी सहा लाख युनिट सरसकट बाळांना पाजत, दीड वर्षाचं होईपर्यंत. तपासलं तेव्हा बऱ्याच बाळांच्या रक्तात कॅल्शियम वर गेलेलं निघालं. आणि ज्या उंदरांवर प्रयोग करून हे जीवनसत्त्व सापडलं, त्यांना मारायच्या औषधातही १९८०च्या दशकापासून तेच ‘डी थ्री’ घालतात. हे सांगितलं की गिऱ्हाइकाचा हात जरा आखडतो, म्हणून मी मुद्दाम सांगते.

आमच्या काउंटरवरची पुडी साठ हजार युनिटची. आकडा लोकांना एक तर घाबरवतो, नाहीतर काहीच सांगत नाही. वजनात तो दीड मिलिग्रॅम भरतो. पुडीत बाकी साखर आणि चव. रोजची गरज मोठ्या माणसाला ६०० युनिट धरतात, सत्तरीनंतर ८००. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज चार हजारांवर जाऊ नये, असं २०११ पासून अमेरिकी तज्ज्ञ समिती सांगते. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज. खरोखर कमतरता असली की डॉक्टर सहसा आठवड्याला एक अशा सहा ते आठ पुड्या देतात आणि मग डोस उतरवतात. ‘डी’ चरबीत साठतं, म्हणून आठवड्याचं अंतर चालतं; आणि त्याच कारणानं जास्त झालं तर महिनोन्‌महिने निघत नाही.

घोटाळा होतो तो शेवटच्या पुडीनंतर. बरं वाटतंय म्हणून चालूच राहते. कुणी आठवड्याची पुडी रोज घेतं. कुणाच्या कॅल्शियमच्या गोळीत ‘डी’, मल्टिव्हिटॅमिनमध्ये ‘डी’, पुडी वेगळी, आणि गुडघेदुखीवर मध्येच कुणीतरी सहा लाखांचं इंजेक्शन ठोकलेलं. मग भूक मरते, मळमळ, घट्ट शौच, सारखी तहान, सारखी लघवी, म्हातारं माणूस असेल तर बरळणं. घरचे म्हणतात वय झालं, निघतं कॅल्शियम. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांची मालिका छापली आहे, जिथं व्हॉनबाईंनी कमतरता पाहिली होती तिथंच. वर्षातून एकदाच मोठी मात्रा द्यावी, झंझट नको, हाही प्रयोग झाला: ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षाला एकदा पाच लाख युनिट दिले. २०१० मध्ये निकाल आला, तर ही मात्रा घेतलेल्या बायका न घेतलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

म्हणून मी काही जणांना चिठ्ठीशिवाय देतच नाही: मुतखडा झालेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, क्षय किंवा सारकॉइडोसिस असलेले (या रोगांत होणाऱ्या गाठी स्वतःच ‘डी’ चालू रूपात आणतात), डिगॉक्सिन किंवा थायझाइडची लघवीची गोळी चालू असलेले. चिडतात, पण ऐकतात.

बाळांच्या थेंबांचं आणखी वेगळं. पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यावेत, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांचंही म्हणणं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत ते एका मिलिलिटरमध्ये असतात, काहींत त्याच मिलिलिटरमध्ये ८००. आणि न्यू जर्सीहून आलेली मावशी जी चिमुकली बाटली आणते, तिच्यात अनेकदा एका थेंबात ४००. आपल्या ड्रॉपरची सवय लागलेल्या आजीनं ती मिलिलिटरनं पाजली तर काय होईल? ड्रॉपरच्या गोंधळाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्येच आयांना सावध केलं होतं. बाटली पाहिल्याशिवाय मी ड्रॉपर सुटा विकत नाही.

राहिलं ऊन. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरणं छान, त्याला मऊ ऊब मिळते. पण कातडीत ‘डी’ तयार करणारे अतिनील किरण सकाळी सातला फार थोडे पोचतात. सूर्य वर चढल्यावर, सावली अंगापेक्षा आखूड झाली की ते पुरेसे येतात. तेव्हा थोडा वेळ हातपाय उघडे ठेवले तरी पुष्कळ. आपल्या काळ्यासावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि काचेतून हे किरण येत नाहीत, त्यामुळे खिडकीशी बसून काम करणाऱ्या आयटीवाल्याचं समाधान फुकट जातं. उन्हानं ‘डी’ कधी जास्त होत नाही. जादा झालेलं कातडीच मोडून टाकते. पुडीला ही सोय नाही.

हल्ली वाड्यांच्या जागी टॉवर झाले, आणि लोक ‘फुल बॉडी चेकअप’चा कागद घेऊन येतात. त्यात ‘डी’ २४ नॅनोग्रॅम आणि पुढे लाल बाण, कारण बऱ्याच लॅब ३० ही रेघ धरतात. २०११ च्याच त्या समितीनं २० बहुतेकांना पुरेसं ठरवलं होतं. ३०ची रेघ ज्या एंडोक्राइन सोसायटीनं आखली, तिनं २०२४ मध्ये ती मागे घेतली आणि धडधाकट माणसांनी उगीच ही तपासणी करू नये असंही सांगितलं. पंच्याहत्तरीपुढची माणसं, गरोदर बायका, वाढीची मुलं यांना रोजच्या थोड्या मात्रेचा फायदा होऊ शकतो, असंही सोसायटीच्या त्याच मार्गदर्शनात आहे. लाल बाण घेऊन आलेल्या पस्तिशीच्या माणसाला मी पुडी देण्याआधी डॉक्टरकडे पाठवते. ज्यांना डॉक्टरनं लिहूनच दिली आहे, त्यांच्या प्रत्येक पुडीवर पेनानं तारीख घालते, एकावर रविवार, मग पुढचा रविवार, आणि आठव्या पुडीवर ‘पुढे विचारून’. दुधातून किंवा जेवणानंतर घ्या, जेवणातल्या तुपातेलाबरोबर ती नीट भिनते, हे तोंडी.