ट्रकचे धुराडे आणि मालकाचा खिसा : सव्वाशे वर्षांचा एक थ्रेड

१/
गड-किल्ले, तह आणि वंशावळी यांवर आपण पुष्कळ थ्रेड वाचतो. आजचा विषय ट्रकच्या पोटाखालचा आहे : सायलेन्सर आणि त्याला जोडलेल्या नळ्या. एके काळी हे सारे सडले, तर हायवेवरचा वेल्डर ते एका दुपारी पुन्हा उभे करून देत असे. आज बीएस-६ ट्रकमध्ये त्याच जागी बसणारी पेटी बदलायची वेळ आली, की एकाच गाडीवर संसार चालवणाऱ्या मालकाचे महिन्यांचे गणित कोलमडते. हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहू.

२/
प्रथम रचना. इंजिनच्या डोक्याला चिकटलेला ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, तेथून खाली उतरणारा पाइप, इंजिनचे हादरे पचवणारा जाळीदार ‘फ्लेक्सिबल’, मग सायलेन्सरचा डबा आणि शेवटी शेपटीचा पाइप. मध्ये गॅस्केट, क्लॅम्प आणि रबरी हँगर. जुन्या ट्रकमध्ये एवढेच.

३/
हे सडते का? बाहेरून चिखल आणि कोकणपट्टीत खारा वारा, हे तर खरेच. परंतु खरा शत्रू आत असतो. डिझेलमधील हायड्रोजन जळून पाणी तयार होते, आणि त्याचे प्रमाण ऐकून आश्चर्य वाटेल : एक लिटर डिझेल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. त्यात डिझेलमधील गंधक मिसळला की सौम्य गंधकाम्ल होते. नळी तापलेली असेल तर ही वाफ निघून जाते; थंड असेल तर डब्याच्या तळाशी साचून राहते. म्हणून नाशिक ते नागपूर धावणाऱ्या ट्रकपेक्षा गोदाम ते धक्का एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या ट्रकचा सायलेन्सर लवकर जातो. डबा बाहेरून धडधाकट दिसतो आणि एके दिवशी बोटाने दाबला तरी भोक पडते.

४/
आता १८९७ सालात जाऊ. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी इंजिनचा आवाज दाबणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळवले. तत्त्व साधे : अरुंद नळीतून झटक्याने येणारा वायू मोठ्या पोकळीत सोडायचा, म्हणजे त्याचा दाब आणि धक्का ओसरतो. (याच मिल्टन रीव्ह्जने पुढे १९११ मध्ये आठ चाकांची मोटार बनवली. ती कोणी घेतली नाही, तो वेगळा थ्रेड होईल.)

५/
आवाज दाबला की वायूच्या वाटेत अडथळा येतो आणि इंजिनची थोडी ताकद जाते. त्यामुळे सुरुवातीच्या मोटारींत ‘कट-आउट’ नावाची झडप असे. चालकाने ती उघडली की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर! गावात शिरताना बंद, गावाबाहेर चढ लागला की उघडी. सायलेन्सरचा फायदा रस्त्यावरच्या माणसाला आणि खर्च गाडीच्या मालकाला, हा तंटा असा अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे. पुढे जे जे घडले, त्यात हीच गाठ पुन्हा पुन्हा सापडते.

६/
रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्येच आऊग्सबुर्ग येथे यशस्वी झाले होते, पण ते ट्रकमध्ये मावण्याइतके लहान व्हायला १९२३-२४ उजाडले. ते कामही जर्मनीतच झाले. भारतात दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या ‘डिस्पोजल’च्या गाड्या लिलावात निघाल्या आणि त्यांच्यावर अनेकांनी वाहतुकीचा धंदा उभा केला. या गाड्यांचे मूळ सुटे भाग मिळणे अवघड. जे मिळत नाही ते पत्र्यातून घडवायचे, ही आपल्या मिस्त्रींची शाळा तेथे भरली, असे माझे मत आहे.

७/
१९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक बाहेर पडू लागले. हा करार १९६९ पर्यंत चालला. १९६६ मध्ये पुण्यात टेल्कोचा कारखाना आला. १९८६ चा ४०७ हा याच पुण्याचा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की मूळ आराखडा वर्षानुवर्षे फारसा बदलला नाही. एकाच मापाचे पाइप, एकाच घडणीचा डबा. त्यामुळे नक्कल करणे सोपे, जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला लावणे सोपे, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या भंगार बाजारांना बरकत.

८/
या काळातील काटकसरीला एक शास्त्र होते, आणि ते आजही जुन्या ट्रकला लागू आहे. चांगला मिस्त्री आधी थंड इंजिन सुरू करून ऐकतो. ‘फट्-फट्’ मॅनिफोल्डपाशी असेल तर बहुधा गॅस्केट. तेथे काजळीची रेघही दिसते. शेपटीच्या तोंडाशी क्षणभर ओले फडके धरले की दाब वाढून बारीक गळतीही बोलू लागते. मग स्वस्तापासून महागाकडे जायचे : क्लॅम्प, हँगर, गॅस्केट, फ्लेक्सिबल आणि अखेरीस डबा. नळी मध्येच सडली असेल तर संपूर्ण नळी बदलत नाहीत. सडका तुकडा कापून, धड पत्रा लागेपर्यंत मागे जाऊन, वरून चपखल बसणारी दुसरी नळी चढवून दोन्ही टोके जोडतात. गंजलेल्या पत्र्यावरच वेल्डिंगचे थर चढवणारा मिस्त्री पैसे कमी घेतो. ते काम टिकत नाही.

९/
येथे एक बारकावा. फ्लेक्सिबल वारंवार फाटत असेल तर दोष बहुधा फ्लेक्सिबलचा नसतो. इंजिनचे माउंटिंग बसलेले असते आणि सगळे हादरे नळीवर येतात. माउंटिंग न बदलता तिसरा फ्लेक्सिबल घेणे म्हणजे खिशाला भोक ठेवून त्यात पैसे टाकणे. तसेच जुना डबा विकत घेताना तो हलवून पाहावा. आत खडखडले तर पडदे सुटलेले आहेत.

१०/
या शास्त्राची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. सांध्यावर गुंडाळला जाणारा दोर किंवा कापड पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असे आणि ते हाताने फाडले जाई. केबिनच्या जवळ नळी गळत असेल, तर गाडी सुरू ठेवून आत झोपणाऱ्या चालकाला कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. या वायूला वास नाही. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरवले. त्या धुरात रोज सर्वांत जास्त वेळ काढणारा माणूस म्हणजे चालक, क्लीनर आणि मिस्त्री.

११/
कायद्याची नजर मात्र बराच काळ कानावर आणि डोळ्यावर होती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० सांगतो की, प्रत्येक वाहनाला प्रसरण-पोकळीने किंवा अन्य उपायाने आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. रीव्ह्ज बंधूंचेच तत्त्व, ९२ वर्षांनी भारतीय राजपत्रात! धुराच्या मोजणीसाठी नियम ११५ आणि आपल्या ओळखीचे पीयूसी. डिझेल गाड्यांसाठी उत्सर्जनाची पहिली मानके आली ती १९९२ मध्ये. १९९९ साली धुराने त्रस्त मुंबईकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने लाल समिती नेमली, आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. तोवर नळीच्या आत काय बसवले आहे, हा प्रश्न ट्रकवाल्याला कोणी विचारला नव्हता.

१२/
नळीच्या आत रसायनशास्त्र घुसवण्याची कल्पना यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याची. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर, लॉस एंजेलिसच्या धुरक्याची चर्चा ऐकून त्याने १९५० च्या सुमारास मोटारींसाठी उत्प्रेरक पेटीवर काम सुरू केले. अडचण एकच होती : पेट्रोलमधील शिसे उत्प्रेरकाला निकामी करी. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १९७५ च्या मोटारींपासून ही पेटी सर्वत्र दिसू लागली. भारतात चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ती १९९५ मध्ये लागली, आणि २००० मध्ये शिसे देशभरातून गेले.

१३/
डिझेलच्या बाबतीत शिशाची जागा गंधकाने घेतली. बीएस-२ च्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ५०० भाग गंधक चालत असे, बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये केवळ १०. तेलशुद्धीकरण कारखाने बदलल्याखेरीज ट्रकची नळी बदलणे व्यर्थ होते. ‘आपल्याकडे इतका उशीर का झाला’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर रिफायनरीत आहे.

१४/
आता या थ्रेडचा मध्यबिंदू : टोकियो. ऑगस्ट १९९९ मध्ये राज्यपाल शिंतारो इशिहारा (मूळचे कादंबरीकार) यांनी ‘डिझेलला नकार’ ही मोहीम सुरू केली. डिझेलची काजळी भरलेली प्लॅस्टिकची बाटली ते कॅमेऱ्यासमोर हलवून दाखवत. भाषणांपेक्षा ती बाटली लोकांच्या लक्षात राहिली. १ ऑक्टोबर २००३ पासून टोकियो आणि शेजारच्या सायतामा, चिबा, कानागावा या प्रांतांत नियम लागू झाला : पहिल्या नोंदणीस सात वर्षे झालेला आणि मानक न पाळणारा डिझेल ट्रक एक तर बदला, नाही तर त्याच्या नळीत मान्यताप्राप्त काजळी-गाळणी बसवा.

१५/
म्हणजे जुन्या ट्रकचे धुराडे सक्तीने बदलायचे, आणि तेही हजारो लहान मालकांनी. टोकियोने यासाठी अनुदान ठेवले. नवा ट्रक परवडत नव्हता त्यांनी गाळणी घेतली. आणि नोव्हेंबर २००४ मध्ये उघड झाले, की मित्सुई या बलाढ्य कंपनीच्या गाळणीची मान्यता खोट्या चाचणी-आकड्यांवर मिळवलेली होती. अशा सुमारे २१,५०० गाळण्या विकल्या गेल्या होत्या. कंपनीला माफी मागून भरपाई द्यावी लागली. पण नियम पाळण्यासाठी पैसे उभे केलेल्या त्या मालकाचा विचार करा : त्याने प्रामाणिकपणे धुराडे बदलले, आणि ते धुराडेच खोटे निघाले. तरीही मोहीम फसली असे मी म्हणणार नाही. टोकियोच्या हवेतील काजळी पुढील वर्षांत खरोखर घटली.

१६/
कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये असाच मार्ग धरला. लहान मालकांना मुदती वाढवून दिल्या, आणि २०२३ पासून जवळजवळ सर्व ट्रकांना २०१० किंवा त्यानंतरच्या मानकाचे इंजिन सक्तीचे झाले. दुसरीकडे याच अमेरिकेत गाळणी काढून सरळ नळी लावण्याचा धंदा फोफावला. तेथील पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची उत्सर्जन-यंत्रणा अशी निकामी करण्यात आली. १९०५ ची कट-आउट झडपच पुन्हा, आता संगणकाच्या साहाय्याने.

१७/
भारताने तिसरी वाट निवडली. जुन्या ट्रकवर गाळणीची सरसकट सक्ती केली नाही. फक्त नव्याने विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे मानक वाढवले. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून थांबवली आणि त्या दोन दिवसांत शोरूममध्ये झालेली झुंबड अनेकांना आठवत असेल. बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. या वाटेने लहान मालकाला तत्काळ झळ बसली नाही, हे खरे. पण जुना ट्रक जुनाच धूर सोडत राहिला, आणि तो धूर ज्यांच्या छातीत गेला त्यांचे मत कोणी घेतले नाही.

१८/
बीएस-६ ट्रकच्या डब्यात काय असते? आधी प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असलेला उत्प्रेरक, मग काजळीची गाळणी, मग ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाचा फवारा आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडणारा दुसरा उत्प्रेरक. जागोजागी सेन्सर. काही बिघडले की संगणक इंजिनची ताकदच कमी करतो. येथे कापा-जोडा चालत नाही.

१९/
तरीही पैसे वाचवण्याची जागा उरली आहे, आणि ती जुन्याच मिस्त्रीच्या तर्काने सापडते. गाळणीत दोन गोष्टी साचतात : काजळी आणि राख. काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जळून जाते. लांबच्या धावेत हे बरेचसे आपोआप होते. इंजिन ऑइलमधून येणारी राख जळत नाही; त्यासाठी गाळणी उतरवून यंत्राने साफ करतात, आणि हे नव्या गाळणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. गाळणी पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर इंजेक्टर टपकतो आहे का, टर्बो ऑइल फेकतो आहे का, हे आधी पाहावे. फ्लेक्सिबल आणि माउंटिंगची गोष्ट आठवा. कमी राखेचे, कंपनीने सांगितलेलेच ऑइल वापरावे. आणि भेसळीच्या युरियात वाचवलेले रुपये दुसरा उत्प्रेरक सव्याज वसूल करतो.

२०/
डबा काढून सरळ पाइप टाकून देणारे आपल्याकडेही भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि प्रदूषणाची मानके मोडणाऱ्या चालकाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गदा येऊ शकते. काढलेला डबा मात्र भंगारवाला आनंदाने नेतो. आतल्या प्लॅटिनमची किंमत त्याला ठाऊक असते, मालकाला बहुधा नसते.

२१/
शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबा-वडिलांचा ट्रकचा धंदा असेल, तर जुन्या गॅरेजची बिले, वेल्डरच्या पावत्या, डायरीतील हिशेब पाहा. सायलेन्सर, गॅस्केट, मजुरी यांच्या ओळी सापडल्या तर नावे झाकून फोटो खाली टाका. साल आणि गाव अवश्य लिहा. १९६० ते १९९० मधील पावत्या विशेष हव्या आहेत. पुरेशा जमल्या तर पुढचा थ्रेड त्यांच्यावरच करू.