डायलिसिसचे पाणी : गटारातून बागेकडे

रुग्णालयाचे सांडपाणी झाडांना घाला, असे कोणी म्हटले तर आपण दचकतो. पण सांडपाणी म्हणजे नेमके कोणते पाणी? डायलिसिसचा इतिहास पाहिला की या प्रश्नाचे महत्त्व पटते.

डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड रुग्णासाठी वापरले. त्यामागचे तत्त्व आपण शाळेत शिकवतो तेच, विसरणाचे : पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला क्षारांचे द्रावण. आजच्या यंत्रात मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रावण वाहते, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आठवड्याला तीन वेळा उपचार धरल्यास एका रुग्णामागे वर्षाला सुमारे १८,७०० लिटर!

हे पाणी अतिशुद्ध का लागते? दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांत मेंदूचा घातक विकार आढळला. डेन्व्हर येथील अॅल्फ्री व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९७६ मध्ये त्याचा संबंध अॅल्युमिनियमशी जोडला. पाणी निवळण्याच्या तुरटीत अॅल्युमिनियमच असते. पिण्याच्या पाण्यातले बहुतेक अॅल्युमिनियम आतडे शोषून घेत नाही. डायलिसिसमध्ये ही आडकाठी नसते. म्हणून पाणी शुद्ध करण्यासाठी व्युत्क्रम परासरण, म्हणजेच आर.ओ., रूढ झाले.

आर.ओ. शुद्ध पाणी देते आणि क्षार उरलेल्या पाण्यात मागे ठेवते. हे उरलेले पाणी बरेचदा शुद्ध पाण्याइतके किंवा त्याहून जास्त असते. ते रुग्णापर्यंत पोहोचलेलेच नसते, तरी वर्षानुवर्षे गटारात गेले. आग्नेय ऑस्ट्रेलियात १९९७ ते २००९ असा प्रदीर्घ दुष्काळ पडला, तेव्हा जिलाँग येथे डॉ. जॉन एगर व सहकाऱ्यांनी ते साठवून बागेला, शौचालयांना आणि वाफेच्या निर्जंतुकीकरणाला वापरले.

यंत्रातून बाहेर पडणारे, वापरलेले द्रावण मात्र वेगळे. ते समुद्राच्या पाण्याच्या सुमारे पाव पट खारट असते, शिवाय त्यात रुग्णाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये असतात. मोरोक्कोतील तरास व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शुष्क प्रदेशांसाठी त्याचाही विचार मांडला. पण प्रक्रिया करून खारटपणा घालवल्याशिवाय ते शेताला चालत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस नेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. हा उपचार कोरड्या मुलखात पोहोचायलाच हवा. मग आर.ओ.चे उरलेले पाणी वेगळ्या नळाने टाकीत घ्यावे, त्यातील क्षार मोजावेत आणि सोसतील अशाच झाडांना ते द्यावे. क्षार न मोजता वर्षानुवर्षे दिले तर जमीन खारावते, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.