मर्मेड इन : तस्करांचा अड्डा

इंग्लंडच्या दक्षिणेला राय गावात ‘मर्मेड इन’ हा जुना गुत्ता आहे. गाळ साचून समुद्र आता दूर गेला असला, तरी राय पूर्वी भरभराटीचे बंदर होते. १३७७ मध्ये फ्रेंचांनी गाव जाळले. गुत्त्याची आजची लाकडी वास्तू १४२० च्या सुमाराची मानतात. अठराव्या शतकात चहावर जबर जकात असल्याने चोरट्या चहाला गिऱ्हाइकांचा तोटा नव्हता. हॉकहर्स्ट टोळीचे तस्कर भरलेली पिस्तुले टेबलावर ठेवून इथे उघड पीत बसत. १७४७ मध्ये त्यांनी ‘पूल’ या बंदराच्या जकातघरातून आपला जप्त चहा पळवला आणि पुढे साक्षीदाराचाही निर्घृण खून केला. टोळीचा म्होरक्या थॉमस किंग्समिल १७४९ मध्ये फासावर गेला. मर्मेडपासून शेजारच्या ‘ओल्ड बेल’ गुत्त्यापर्यंत भुयार होते, वरच्या खोलीत दोन भुते तलवारींनी झुंजतात, असे गावकरी सांगतात.