पोथी, छापील ग्रंथ आणि ई-पुस्तक

रोजच्या वाचनासाठी छापील पुस्तक जवळ करावे की ई-पुस्तक, असा प्रश्न आज विद्यार्थी आणि पालक दोघेही विचारतात. इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला हा प्रश्न सर्वस्वी नवा वाटत नाही. गोमंतकाने असे स्थित्यंतर पूर्वी अनुभवले आहे.

१५५६ मध्ये जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात भारतातील पहिला छापखाना आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. देवनागरी खिळे नसल्याने हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापून निघाला. जुन्या लेखणीने राखलेले धन नव्या यंत्राने पुन्हा लोकांच्या हाती दिले.

खिळ्यांची ती अडचण संगणकयुगातही वेगळ्या रूपाने आली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर तो फाँट हाताशी नसेल तर आज वाचता येत नाही. २००९ मध्ये अॅमेझॉन कंपनीने ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या काही विकलेल्या ई-प्रती वाचकांच्या उपकरणांतून परस्पर काढून घेतल्या. कपाटातील पुस्तक असे कोणी नेऊ शकत नाही. उलट, अक्षर मोठे करून देण्याची वृद्धांची सोय किंवा दुर्मीळ ग्रंथ घरबसल्या मिळण्याचा लाभ कागद देऊ शकत नाही.

म्हणून माझे मत असे की, ज्याकडे पुनःपुन्हा वळावयाचे ते पुस्तक छापील घ्यावे. संदर्भासाठी, प्रवासात अथवा दुर्मीळ ग्रंथासाठी ई-पुस्तक वापरावे. परंतु याहून मोठी चिंता वेगळी आहे. डिचोली-पेडण्यातील देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, नाट्यमंडळांची पत्रके यांच्या प्रती मुळातच थोड्या निघतात. त्यांना वाळवी लागली, तर गावाचा इतिहास पुसला जाईल.

मुळगावच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. घरी अशी पुस्तिका असल्यास तिची संगणकीय प्रत करावी. मूळ प्रत मात्र टाकू नये. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडेही एक प्रत सोपवावी. ‘क्रिस्तपुराण’ वाचले, कारण त्याच्या प्रती अनेक हातांत होत्या.