वाटखर्ची : हुंडी आणि बक्षिसी

प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या पैशाला मराठींत एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे वाटखर्ची. घरखर्च निराळा, वाटखर्ची निराळी. घरीं मनुष्य ज्या वाण्याकडून सामान घेतो, ज्या गाडीवानाला हांक मारतो, त्यांची व त्याची जुनी ओळख असते. देणें आज राहिलें तर उद्यां देतां येतें. वाटेवर ही ओळख संपते. मग दोन प्रश्न उभे राहतात. जवळचा पैसा संपला तर परक्या गांवीं तो कोण देईल, हा पहिला. आणि ज्यानें सुखरूप आणून पोंचविलें त्याच्या हातावर भाड्याखेरीज काय ठेवावें, हा दुसरा. पहिला प्रश्न सावकारीचा, दुसरा माणुसकीचा. या दोहोंचा इतिहास वर्ध्याच्या मुलखावरून चांगला उलगडतां येतो.

आज पुलगांवाहून नदी ओलांडून धामणगांवाकडे जाणाऱ्यास आपण सरहद्द ओलांडली असें वाटत नाहीं. परंतु १८०३ च्या देवगांवच्या तहानंतर पन्नास वर्षें वर्धा नदी ही दोन राज्यांची हद्द होती. पूर्वतीरीं नागपूरकर भोसले, पश्चिमतीरीं वऱ्हाडांत निजाम. नदी ओलांडली कीं मुलूख परका, आणि मुलूख परका म्हणजे नाणेंही परकें. इकडचा रुपया तिकडे पुऱ्या मोलानें चालत नसे. सराफ तो वाजवून, तोलून, झिजेचा अंदाज घेऊन कांहीं बट्टा कापी व मग दुसरें नाणें देई. परदेशीं जाण्यासाठीं समुद्रच ओलांडावा लागतो असें नाहीं. त्या काळच्या प्रवाशास एका नावेच्या उतारावर परदेश लागे.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले, व त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८६२ त वर्धा जिल्हा निराळा झाला आणि १८६६ त पालकवाडीच्या जागीं वर्धा शहर वसूं लागलें. पुढें सर्वत्र कलदार रुपया आला, तरी बट्टा अगदीं संपला नाहीं. वर्ध्याहून बल्लारशावरून काझीपेठेपर्यंतचा लोहमार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाल्यावर दक्षिणेकडे जाणारा प्रवासी कांहीं तासांतच निजामी हद्दींत शिरे. तेथें हाली शिक्का चाले, व सहा कलदार रुपयांस सुमारें सात हाली रुपये हा हिशेब त्यास ध्यानांत ठेवावा लागे. हैदराबाद संस्थान १९४८ त भारतांत आलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं तें नाणें व्यवहारांतून गेलें.

बट्ट्याहून मोठें संकट होतें तें वाटमारीचें. कमरेच्या कशांत रुपये बांधून चालणारा मनुष्य म्हणजे लुटारूंना आमंत्रणच. कोंकणांतील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ त द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. कमावलेल्या पैशाची लुटालूट सोसून ते घरीं परतले, तेव्हां गंगेची कावड मात्र त्यांच्या खांद्यावर होती. १९०७ त प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ युद्धाची हकीकत म्हणून वाचला जातो. पण वाटखर्चीची काळजी काय असते हेंही त्यावरून कळतें.

या भयावर व्यापाऱ्यांनीं शोधलेला उपाय म्हणजे हुंडी. द्वारकेच्या यात्रेकरूंनीं चोरांच्या भीतीनें नरसी मेहत्याकडे रुपये भरले व त्यानें सांवळशा शेटजीच्या नांवें हुंडी लिहून दिली, ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळें मराठी घराघरांत पोंचली आहे. भक्तीचा भाग बाजूस ठेवला तरी त्या कथेंतला व्यवहार तंतोतंत खरा आहे. एका गांवीं रक्कम भरावी, कागद घ्यावा, आणि दूरच्या गांवीं आडत्याच्या पेढीवर तो दाखवून रक्कम उचलावी. यासाठीं पेढीला द्यावयाच्या मोबदल्यास हुंडणावळ म्हणत.

या कागदाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. दाखवितांच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी; ठराविक दिवसांनीं मिळत ती मुदती. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारांतील पतवान शाहालाच मिळे, म्हणून चोरानें ती चोरली तरी उपयोग नसे; कारण त्याच्यासाठीं शब्द टाकावयास कोणी शाहा पुढें येत नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. रक्कम चुकती झाली कीं हुंडीचा खोका होई. पुढें १८८१ त इंग्रज सरकारनें चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, त्यांतही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढीला धक्का लावला नाहीं.

वर्धा आणि हिंगणघाट येथें कापसाचा व्यापार वाढला तो अशाच पतीच्या बळावर. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत तिकडचा कापूस विलायतेस जाईना. तेव्हां हिंगणघाटच्या कापसाचें नांव दूरवर झालें. १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली. मारवाडांतून आलेल्या व्यापाऱ्यांनीं या मुलखांत दुकानें घातलीं. वर्ध्याचे शेठ बच्छराज हे त्यांपैकींच एक. त्यांच्याच घराण्यांत दत्तक आलेले जमनालाल बजाज पुढें काँग्रेसचे कोषाध्यक्ष झाले. अशा व्यापाऱ्याचें मोठें भांडवल म्हणजे त्याचा शब्द.

परंतु ही सारी व्यवस्था मोठ्या रकमांची होती. जो गाडीवान कापसाचे बोजे किंवा प्रवासी घेऊन रात्रभर बैल हांकी, त्याच्या नांवाची हुंडी कोण लिहिणार? त्याचा व्यवहार सुट्या पैशांचा. या सुट्या पैशांसाठीं मराठींत किती शब्द आहेत तें पाहण्यासारखें आहे. ठरलेलें तें भाडें. सणासुदीला चाकराला द्यावयाची ती पोस्त. मध्यस्थाची ती दस्तुरी. अडलेलें काम पुढें सरकविण्यासाठीं हळूच हातांत सारावयाची ती चिरीमिरी. आणि काम मनासारखें झाल्यावर आनंदानें द्यावयाचें तें बक्षीस. बक्षीस हा शब्द फारसींतून आला. त्याच्या मुळाशीं दान करणें आणि क्षमा करणें असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे देणारा वर आणि घेणारा खालीं, ही कल्पना त्या शब्दांतच दडलेली आहे.

बक्षीस आणि चिरीमिरी यांमधली भिंत किती पातळ असते याचें उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मचरित्रांत आहे. १९१७ च्या सुमारास कराचीहून कलकत्त्यास जातांना लाहोरास त्यांना गाडी बदलावयाची होती. तिसऱ्या वर्गांत पाय ठेवण्यास जागा नव्हती. तेव्हां एका हमालानें बारा आणे मागितले व त्यांना खिडकींतून आंत लोटून आपला शब्द खरा केला. त्या बारा आण्यांना काय म्हणावें? हमालानें श्रम केले हें खरें. पण तिकीट काढलेल्या उतारूस जागा मिळणें हा त्याचा हक्कच नव्हता काय? जेथें व्यवस्था अपुरी तेथें बक्षिसी ही हक्काची किंमत होऊन बसते. हेच गांधीजी १९३६ त वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास गेले, व पुढें त्या खेड्याचें नांव सेवाग्राम झालें.

अमेरिकेंत हा प्रश्न याहून तीव्र झाला. तेथें १८६५ त गुलामगिरी बंद झाल्यावर पुलमन कंपनीनें आपल्या झोपण्याच्या डब्यांवर मुक्त झालेल्या काळ्या लोकांस हमाल म्हणून ठेवलें. वेतन तुटपुंजें, बाकीचें पोट उतारूंच्या बक्षिसीवर. मालकाचें नांव जॉर्ज, म्हणून उतारू प्रत्येक हमालास जॉर्ज अशीच हांक मारीत. त्याचें स्वतःचें नांव कोणी विचारीत नसे. १९२५ त ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखालीं या हमालांचा संघ स्थापन झाला आणि बारा वर्षें झगडून १९३७ त त्यानें कंपनीशीं करार केला. त्यांना पाहिजे होतें तें पुरें वेतन आणि मानाची वागणूक.

इकडे मोठ्या पैशाची वाट मात्र सुकर होत गेली. १७७२ त लंडनच्या रॉबर्ट हेरीज यांनीं युरोपांतील अनेक शहरांत वटणारे कागद काढले. १८९१ त अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचा प्रवासी धनादेश निघाला. विकत घेतांना एक सही व वटवितांना दुसरी, म्हणजे चोराचा हात येथेंही बांधलेला. १९६७ च्या जून महिन्यांत लंडनजवळ एन्फील्ड येथें बार्क्लेज बँकेनें पैसे देणारें यंत्र बसविलें. तें घडविणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. मुंबईंत १९८७ त तसलें यंत्र आलें. आज वर्ध्याचा प्रवासी खिशांत एक पत्रा घेऊन जगांत कोठेंही रोकड काढतो. ती दर्शनी हुंडीच होय; फक्त पेढीवरचा मुनीम गेला.

बट्टाही गेलेला नाहीं. परदेशांतलें यंत्र पुष्कळदां विचारतें कीं, हिशेब तेथल्या नाण्यांत करावा कीं रुपयांत. रुपयांत म्हटलें कीं यंत्रवाल्याचा भाव लागतो, आणि तो बहुधा महाग पडतो. शहाण्यानें तेथल्याच नाण्याचा हिशेब पत्करावा, आणि लहान रकमा वारंवार काढून दर खेपेस हुंडणावळ भरूं नये.

बक्षिसीला मात्र असें यंत्र निघालें नाहीं. अमेरिकेंत गाडी हांकणाऱ्यास भाड्यावर कांहीं टक्के न देणें हें अजून उणेपणाचें समजतात. जपानांत तेंच देऊं केलें तर घेणारा संकोचून परत करतो. रीत देशपरत्वें बदलते, म्हणून ती आधीं विचारून घ्यावी. पण रीतीच्या मुळाशीं असलेला न्याय एकच आहे. भाडें पुरें द्यावें, घासाघीस करून कापलेला पैसा मागून बक्षीस म्हणून देण्याचा मोठेपणा मिरवूं नये. हुंडीनें धनिकाच्या शब्दाला परमुलखांत किंमत आणून दिली. गाडीवानाच्या श्रमाला तशीच ठरलेली किंमत सर्वत्र मिळूं लागेल, त्या दिवशीं बक्षीस हें खरोखरच आनंदाचें देणें ठरेल.